फेरीमागे एक पाऊल

"पण ते पंधराशे मीटर पंधराशेच होते कशावरून?"

प्राचार्य डिग्रजकर छताकडं बघत म्हणाले. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि ते मैदान मी मोजलेलं होतं. त्यामुळं बाण कुणावर सोडलाय हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

"सर, जरा जपून," मी म्हणालो. "एकोणऐंशी साली ती फेरी या हातानं आखलीय. छत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली मी. सख्ख्या भावांच्या बांधावर टेप धरलीय. दोन्हीकडं कुऱ्हाडी आणि मधे मी. एक वीत इकडची तिकडं झाली नाही."

"मी कुठं म्हणतोय झाली म्हणून? शंका आपली."

"शंका" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की चहात माशी पडल्यासारखं झालं.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जिल्ह्याच्या अॅथलेटिक संघटनेला पन्नास वर्षं झाली होती. जुनं मुरमाचं मैदान पुढच्या महिन्यात उकरायचं होतं आणि तिथं सिंथेटिक ट्रॅक व्हायचा होता. नव्या प्रेक्षागृहाला जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूचं नाव द्यायचं ठरलं. मोठा कोण, हे ठरवायला तिघांची समिती नेमली. अध्यक्ष प्राचार्य डिग्रजकर, दुसरे निवृत्त क्रीडाशिक्षक जमीर मुजावर आणि तिसरा मी, मोजणीदार शेडबाळे.

नावं दोनच होती. हिंदुराव खराडे आणि बिरू लवटे. दोघंही पंधराशे मीटरवाले.

खराडे फौजेतला. चार वेळा राष्ट्रीय सुवर्णपदक. वेळ मात्र कधीच डोळे दिपवणारी नाही. पहिल्या तीन फेऱ्या दुसऱ्याच्या मागं सावलीसारखा लागायचा आणि शेवटच्या दोनशे मीटरला असा सुटायचा की बाकीचे जागेवर उभे आहेत असं वाटावं. बिरूकडं पदक म्हणाल तर जिल्ह्याचं आणि राज्याचं. पण एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, आमच्याच मैदानावर, तो तीन मिनिटं शेहेचाळीस पूर्णांक सहा सेकंदांत धावला होता. त्याच्या मागं साठ मीटरपर्यंत दुसरं कुणी नव्हतं. जिल्ह्यात ती वेळ तीस वर्षांत कुणाच्या हाताला लागली नव्हती, खराडेच्याही नाही.

"पदकं म्हणजे पदकं," डिग्रजकर म्हणाले. "समोर माणूस असताना जो जिंकतो तो मोठा. घड्याळाशी काय, कुणीही शर्यत लावेल."

"आणि समोर माणूसच नसला तर?" मुजावर तापले. "बिरूच्या बरोबरीनं पळायला या जिल्ह्यात होतं कोण? घड्याळच होतं बिचाऱ्याला. सर, माणसं कमीजास्त असतात, घड्याळ कमीजास्त नसतं."

"घड्याळ नसेल. मैदान असू शकतं. राष्ट्रीय शिबिरासाठी तीन शेहेचाळीस लागत होते. याला सहा दशांश कमी पडले. पोरगा खरंच एवढा भारी होता, तर दुसरीकडं जाऊन का नाही पळाला? आपल्याच मैदानावर वाघ?"

खरं सांगतो, माझा दोघांवरही विश्वास नव्हता. खराडे हा डिग्रजकरांच्याच शाळेचा विद्यार्थी. बिरूला मुजावरांनी स्वतः घडवलेलं. दोघं आपापल्या पोळीवर तूप ओढत होते आणि वर तत्त्वाच्या गप्पा मारत होते. खोलीत निःपक्ष माणूस एकच, असं मला वाटत होतं. कोण ते सांगायला नको.

तेवढ्यात वातावरण हलकं करावं म्हणून मी माझा नेहमीचा किस्सा सांगितला. "त्याच वर्षी हा बिरू माझ्या कचेरीत आला होता. हातात अर्ज. म्हणतो, साहेब, ग्राउंड लांब वाटतंय, परत मोजा. मी म्हणालो, बाळा, दमल्यावर सगळ्यांनाच लांब वाटतं!"

अख्खी कचेरी त्या दिवशी हसली होती. डिग्रजकरही पोट धरून हसले. मुजावर हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत या किश्श्याला.

"मग मोजा ना परत," मुजावर म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? कडेच्या विटा अजून जागेवर आहेत. महिन्याभरात जेसीबी लागला की कायमचं मिटलं."

"मोजतो की! उद्याच मोजतो," मी टेबलावर हात आपटला. "चारशेला एक बोट जरी कमी भरलं तर माझं मत खराडेला. बरोबर भरलं तर बिरूला. मान्य?"

डिग्रजकर गालात हसले. त्यांचं गणित मला कळत होतं. मैदान आखूडच असणार अशी त्यांची खात्री होती, आणि माझ्या नावाला काळं लागलं तर त्यांचं काय जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तीस मीटरची पोलादी टेप, खुंट्या आणि वही घेऊन मैदानावर पोचलो, तर बिरू आधीच उभा. वीज मंडळात वायरमन होता तो. बावन्न वर्षांचा, पण अंगावर मांस म्हणून नाही. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"तू इथं कसा?"

"मुजावर सरांनी सांगितलं. दुसरं टोक धरायला माणूस पायजे म्हणाले."

मला हे अजिबात आवडलं नाही. ज्याचा निकाल लागायचा त्याच्याच हातात टेप द्यायची? कुंपणालाच शेत राखायला सांगण्यातला प्रकार. पण दुसरं कुणी नव्हतं आणि कमरेत वाकून मला एकट्याला जमणार नव्हतं.

म्हणून मी आधी विटाच तपासल्या. आतल्या कडेची ती विटांची ओळ निम्मी गवतात बुडाली होती. कुणी नुकती हलवली असेल तर खालची माती ओली, भुसभुशीत दिसेल. मी चार ठिकाणी बोटानं उकरून पाहिलं. बिरू उभा राहून बघत होता.

"विटा तुमच्याच हायती, साहेब," तो म्हणाला. "तीस वर्षात कुणी हात लावलेला न्हाई."

"मी विचारलं का तुला?"

"न्हाई."

आम्ही मोजायला लागलो. मी शून्याचं टोक विटेच्या कडेला दाबून धरायचो, तो पुढं जाऊन टेप ताणायचा, मी जाऊन आकडा स्वतः वाचायचो. त्याला वाचू दिला नाही. दोनदा म्हणालो, "ढिली सोडू नकोस. ढिली टेप जास्त दाखवते." त्यावर त्यानं एवढ्या जोरात ताणली की माझ्या हातातलं टोक निसटलं. वळणावर तर टेप विटेला चिकटवत रांगत जावं लागत होतं. मधेच मुजावर थर्मासमधून चहा घेऊन आले. त्यांनी बिरूला पहिला कप दिला, हेही मी मनात टिपून ठेवलं. मोजमाप चालू असताना इथं थांबायचं नाही असं सांगून मी त्यांना परत घालवलं.

साडेआठला फेरी पुरी झाली. मी वहीत बेरीज केली. पुन्हा केली.

चारशे मीटर, दोन सेंटिमीटर.

काय सांगू तुम्हाला! तीस वर्षांपूर्वीचं माझं काम, पस्तिशीतल्या पोरगेल्या हातानं केलेलं, आणि फरक दोन सेंटिमीटर. मी उभा राहून अक्षरशः ओरडलो, "बघ! बघ रे! चारशे म्हणजे चारशे! डिग्रजकराला म्हणावं ये आता. जा, नाव लागलं तुझं प्रेक्षागृहाला!"

बिरूच्या तोंडावर काहीच हललं नाही. तो विटांकडं बघत होता.

"विटांचं चारशे भरलं, साहेब," तो म्हणाला.

"मग?"

"विटंवरनं कोण पळतंय?"

तो विटेपासून फूटभर बाहेर सरकला आणि त्यानं आपला डावा पाय मुरमात ठेवला. "माझा पाय हितं पडायचा. ह्याच्या आत घेतला तर घोटा विटंवर आदळायचा. सगळेच हितनं पळायचे."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

आता हे नीट ऐका, कारण अशी चूक फक्त मोजणीदारच करू शकतो. शेताची हद्द हद्दीवरूनच मोजायची असते. बांधापासून फूटभर अलीकडून मोजली तर दुसऱ्या दिवशी गावात डोकी फुटतील. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. कड आली की टेप कडेला लावायची. संघटनेनं एक नियमावलीची चोपडी दिली होती, पण मला कोण शिकवणार? मी ती उघडलीच नव्हती. पळणाऱ्या माणसाची वाट कडेवरून जात नाही, तिच्या फूटभर बाहेरून जाते, आणि मोजायची ती वाट, हे त्या क्षणापर्यंत माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

सरळ भागात काही फरक पडत नाही. फरक वळणावर. अर्धवर्तुळ फूटभर बाहेर सरकवलं की त्याची लांबी वाढते बावीस सप्तमांश फूट. हे सातवीतलं पोर सांगेल. पंधराशेत वळणं किती? पहिली पाऊण फेरी, त्यात एक. मग पुऱ्या तीन फेऱ्या, त्यांत सहा. एकूण सात.

बावीस सप्तमांश गुणिले सात.

बावीस फूट. बिरू त्या दिवशी बावीस फूट जादा पळाला होता. त्याच्या वेगानं एक सेकंद.

मी वहीवर तीनदा गुणाकार केला आणि तीनदा खोडला. मी गवतात बसलो. शिबिराला त्याला कमी पडले होते सहा दशांश.

"किती झालं?" बिरूनं विचारलं.

आणि मी काय म्हणालो असेन? लाज वाटते सांगायला. मी म्हणालो, "बघतो. हिशेब करून संध्याकाळी सांगतो." टेप गुंडाळली आणि घरी निघालो.

दिवसभर मी स्वतःशीच कोर्टकचेऱ्या केल्या. शब्द काय दिला होता? चारशे बरोबर भरलं तर मत बिरूला. भरलं की! वहीत आकडा आहे. बिरूला नाव मिळतंय, माझंही नाव राहतंय, खोटं तर एक अक्षर बोलायचं नाही. मग अडलं कुठं? अडलं होतं त्या अर्जापाशी. ‘ग्राउंड लांब वाटतंय.’ वीस-बावीस वर्षांचं पोर ते पायांनी मोजून आलं होतं, आणि मी टेपवाला, मी हसलो होतो. आयुष्यभर मी बायकोच्या हिशेबावर, दुधवाल्याच्या मापावर, जावयाच्या पगारावर संशय घेतला. एका गोष्टीवर कधी घेतला नाही, माझ्या टेपवर.

पाचला मी समितीच्या खोलीत गेलो. बाहेरच्या बाकावर बिरू बसला होता. मी मान खाली घालून आत शिरलो.

"काय, शेडबाळे? किती आखूड निघालं?" डिग्रजकरांनी विचारलं.

"आखूड नाही, सर. लांब निघालं."

आणि मी सगळं सांगितलं. विटा, फूट, सात वळणं, बावीस फूट, एक सेकंद. मुजावरांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं. डिग्रजकर मात्र माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघत राहिले.

"सकाळभर तुम्ही दोघंच होता ना मैदानावर?" ते म्हणाले. "काय गळ घातली त्यानं तुम्हाला?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही त्यांच्या जागी हेच विचारलं असतं.

मी वही पुढं सरकवली. डिग्रजकर गणिताचेच. त्यांनी आकडेमोड केली, एकदा, दोनदा, आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तीन पंचेचाळीस पूर्णांक सहा," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "पोरगं शिबिरात गेलं असतं. सर, खराडेची चार पदकं मी नाकारत नाही. पण त्या चार शर्यतींत एक माणूस उभाच नव्हता. त्याला आपण दारातच अडवला होता."

डिग्रजकरांनी दार लोटून घेतलं. "ऐका. मी हट्ट सोडतो. प्रेक्षागृहाला लवट्याचं नाव देऊ, एकमतानं. पण हे मोजणीचं या खोलीबाहेर जाता कामा नये. त्या मैदानावर तीस वर्षं स्पर्धा झाल्या. किती पोरं किती दशांशानं हुकली असतील? उद्या सगळे दारात येतील. काय उत्तर देणार आहात, शेडबाळे? तुम्हालाच आधी विचारतील."

बरोबर होतं त्यांचं. माझीही झाकली मूठ राहणार होती. मुजावर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या बिरूला अखेर नाव मिळत होतं, म्हणून तेही गप्प.

"त्याला विचारून येतो," मी म्हणालो.

"विचारायचं काय त्यात? नाव देतोय आपण!"

मी बाहेर आलो आणि बिरूच्या शेजारी बाकावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच बसलो असेन मी त्याच्या शेजारी. सांगितलं सगळं. माझी चूक, बावीस फूट, आणि आतला सौदाही. काही लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "बिरू, चुकलं माझं."

तो म्हणाला, "त्या उन्हाळ्यात मी अजून तीनदा पळालो, साहेब. तुम्हाला ठावं न्हाई. मुजावर सर घड्याळ लावायचे. शेहेचाळीस सात. शेहेचाळीस नऊ. परत शेहेचाळीस सात. अजून जरा, अजून जरा. मला वाटलं, हे जरा कमी पडतंय ते माझ्यात कमी पडतंय. मोजणीदार साहेबच म्हंतात ग्राउंड बरोबर हाय, म्हंजे खोट माझ्यातच. चौथ्यांदा पळालोच न्हाई. मंडळाची नोकरी आली, घेतली."

"दुसऱ्या मैदानावर का नाही गेलास?"

"बेळगावला एकदा गेलतो सरावाला. तितं फेरीला दोनशे पंधरा पावलं पडली. हितं दोनशे सोळा. तेच तर अर्जात लिवलं होतं." त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून चौघडी केलेला कागद. माझ्याच कचेरीचा आवक शिक्का, जून एकोणऐंशी. अर्जाचीच नक्कल, पोच म्हणून दिलेली. मूळ अर्ज मी तेव्हा उघडलाही नव्हता, तसाच ड्रॉवरमध्ये टाकला होता. आज पहिल्यांदा वाचला. ‘सदर मैदानावर फेरीमागे एक पाऊल जास्त पडते. तरी कृपया मोजून मिळावे.’

एक पाऊल. सहा फुटांचं. टेपशिवाय त्यानं फेरीतला फरक नेमका सांगितला होता.

"नाव खराडेला द्या," बिरू म्हणाला. "चांगला गडी. त्यानं काय माझं वाईट केलं न्हाई. तोंड बंद ठेवायच्या अटीवर मला नाव नको. मला ह्याचा निकाल द्या. अर्ज पडून हाय की तुमच्याकडं."

मी खिशातून पेन काढलं. पोचेच्या मागं लिहिलं, ‘आज रोजी प्रत्यक्ष मोजणी केली. फेरी सहा फूट साडेतीन इंच जास्त भरली. अर्जदाराचे म्हणणे बरोबर आहे. मोजणारा चुकला आहे.’ खाली सही केली, तारीख घातली.

त्यानं ते बोट फिरवत वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. "म्हंजे खोट माझ्यात नव्हती," तो म्हणाला, मला नव्हे. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

आत जाऊन मी सांगितलं, की त्याला नाव नको. डिग्रजकरांना हायसं वाटलं, ते त्यांनी लपवलंही नाही. प्रेक्षागृहाला खराडेचं नाव लागलं, अजून आहे. दुसऱ्या दिवशी मी संघटनेला मोजणीचं लेखी पत्र दिलं, सहीनिशी. कुणीही दारात आलं नाही. बहुधा ते पत्र कुणी उघडलंच नसेल. ड्रॉवरमध्ये पडलं असेल.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. बिरू सायकलला टांग मारणार, तेवढ्यात मी पुन्हा म्हणालो, "बिरू, तेव्हाच मोजायला पाहिजे होतं रे मी."

त्यानं सायकल थांबवली.

"मोजलं न्हाई त्याचं काय न्हाई, साहेब. कामाचा माणूस, वेळ नसंल. पण तुमी हसला. अख्खी कचेरी हसली. मी दारात उभा हुतो."

आणि तो गेला.

‘दमल्यावर सगळ्यांनाच लांब वाटतं.’ तीस वर्षं लग्नाकार्यात, बैठकीत, पंगतीत सांगितलेला किस्सा. त्या दिवसापासून आजतागायत मी तो कुणाला सांगितला नव्हता. मघाशी तुम्हाला सांगितला तेवढाच. तुम्हीही हसला असाल.